शंभर सेकंद

प्रिय बारक्या,

फोनवर बोलायला गेले तर माझा धीर सुटेल आणि तू मध्येच "असू दे गं ताई" म्हणशील, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

दवाखान्यातलं माझं काम तुला ठाऊक आहे. कोड असलेल्यांना अतिनील दिव्यांच्या कपाटात उभं करायचं आणि वेळ लावायची. हिशेब अगदी सोपा. दिव्यांची तीव्रता मीटरने मोजायची. आमच्याकडे ती भरायची दर चौरस सेंटिमीटरला तीन मिलिवॉट. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्याच कातडीसाठी तीनशे मिलिज्यूल ऊर्जा लिहून दिली, की तीनशेला तीनने भागायचं. शंभर सेकंद. अकरा वर्षांत हा भागाकार माझा एकदाही चुकला नाही. तसा तो या वेळीही चुकला नाही, चुकली ती मी.

मंगळवारी कपाटातल्या जुन्या नळ्या काढून नव्या बसवल्या. नव्या नळ्या आल्या की आधी तीव्रता मोजायची, हे मीच नवीन मुलींना शिकवते. पण मीटर तपासणीला गेला होता, दुसऱ्या दिवशी येणार होता. बाहेर एकच पेशंट बसली होती. परकं कुणी असतं तर हात जोडून परत पाठवलं असतं. पण ती आपली आई होती, तिच्या पाठीवरच्या कोडासाठी आलेली. दोन जिने चढून दमली होती. म्हटलं, उगाच हेलपाटा कशाला? शंभर सेकंद लावले.

बुधवारी मीटर आला. आकडा पाच! मला वाटलं, मीटरच बिघडला. पुन्हा लावला, तरी पाच. म्हणजे तीनशेच्या जागी पाचशे ऊर्जा तिच्या अंगात गेली होती. साठ सेकंद पुरले असते. मी चप्पल न घालताच रस्त्यावर आले होते, ते रिक्षात बसल्यावर कळलं. घरी आई पालथी पडलेली. पाठ लालभडक, खांद्यावर फोड. कपाटात डोळ्यांना काळा चष्मा होता, तेवढं नशीब.

आणि ती मलाच समजावत होती, "गरम पाण्याची पिशवी फुटली म्हणून सांगू. तुझ्या नोकरीवर यायला नको."

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी गप्प बसले. तिच्या पाठीला मलम लावायचे आणि कामावर जाऊन हसायचे. शुक्रवारी मात्र राहवलं नाही, डॉक्टरीणबाईंना सगळं लेखी दिलं. त्यांनी आईला तपासलं. पंधरा दिवसांत भरून येईल म्हणाल्या. मला काढलं नाही. पण आता माझा प्रत्येक आकडा दुसरं कुणीतरी तपासल्याशिवाय मला बटणाला हात लावायचा नाही. मला ते बरंच वाटलं.

पिशवीची गोष्ट आईने तुलाही सांगितलीच असेल. तू विश्वासही ठेवला असशील. आणि सोमवारी तू तुझ्या लेकीला, चिमीला आणतोयस, तिच्या मानेवरच्या डागांसाठी, पहिल्यांदाच. ताई आहे म्हणून निर्धास्त आहेस. उपचार बंद करू नकोस, पोरीला त्याची गरज आहे. कपाट नीट आहे, आकडे मी आणि माझे आकडे तपासणारी सोबतीण, दोघींनी मोजलेत. फक्त दवाखान्यात येण्याआधी घरी जा, आईची पाठ बघ, आणि मग चिमीला माझ्या हाती द्यायचं की माझ्या सोबतिणीच्या, ते ठरव. नको म्हणालास तर मी रागावणार नाही. हो म्हणालास तर काय करू, हेच कळत नाहीये.

तुझीच,
ताई