झाड ऐकायचं कसं

सोमवार, ३ मार्च

एडिटर बंद! आपला जुना, कळकट, इतकी वर्षं ज्यात कोड लिहिला तोच. बनवणाऱ्यांनीच जाहीर केलं — यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत. ऑफिसनं लगेच फर्मान काढलं: महिनाअखेरीला सगळ्यांच्या मशीनवरून तो काढणार, नव्यावर या.

मला काय, चार दिवस कुरकुर करीन आणि सवय होईल. पण वन्संचं काय? नणंदेला मी वन्सं म्हणायला लागले ते चिडवायला म्हणून, आता ऑफिसातही तेच नाव पडलंय. त्यांना दिसत नाही. डोळे गेल्यापासून त्या याच एडिटरमध्ये कानांनी काम करतात. मशीनच्या भाषांचं व्याकरण लिहिण्यात त्यांचा हात धरणारं इथं कुणी नाही. घरचं माणूस म्हणून लिहीत नाहीये, खरंच नाही. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

मंगळवार, ४ मार्च

नवरा म्हणतो, एक गेला तर दुसरा घ्या, त्यात काय एवढं!

जेवता जेवता समजावलं. विणकामाच्या जुन्या मशीन्स — प्रत्येक बनवणाऱ्याची सूचना लिहायची भाषा वेगळी. आम्ही त्या भाषेचं व्याकरण लिहायचं. त्यावरून पार्सर नावाचा प्रोग्राम तयार होतो, आणि तो मजकुराचे तुकडे पाडून कोण कुणाच्या पोटात ते लावतो. त्या रचनेला आम्ही झाड म्हणतो. नियम बदलला की झाड बदलतं, आणि ते बघत बघतच नियम लिहायचे. ते झाड दाखवणारं टूल मी केलंय, पण ते राहतं जुन्या एडिटरच्या आत. तिथं झाड साध्या ओळींत येतं, स्क्रीन रीडर त्या ओळी मोठ्यानं वाचतो, वन्सं ऐकतात. नव्या एडिटरमध्ये झाडाचं छान रंगीत चित्र येतं. वन्संना ऐकू येतं — "चित्र."

"एवढंच?"

एवढंच. त्याचा भात तसाच राहिला ताटात.

शुक्रवार, ७ मार्च

मॅनेजरशी बोलले. माणूस वाईट नाही, पण त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय. म्हणाला, "नव्या एडिटरमध्ये एआय आहे, अर्धं व्याकरण तोच लिहून देतो. उरलेलं तपासायला माणसं किती लागतील ते वरचे बघतायत. त्यात तू त्यांच्या शेजारी बसून वाचून दाखवणार, हे कसं चालेल? त्यांना कुणाची मदत लागत नाही एवढं दाखव. नाहीतर त्यांना दुसरं काम बघू."

दुसरं काम म्हणजे फोन. ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या. वन्संनी!

म्हटलं, महिना संपायच्या आत दाखवते. आणि त्या वेळी मी खोलीतसुद्धा नसेन. बोलून बसले. आता मागे फिरणं नाही.

शनिवार, ८ मार्च

वन्संना सांगितलं. त्यांचं आधी बिनसलं. "माझ्यासाठी कुणापुढे पदर पसरू नकोस."

"पदर कसला, मी जीन्समध्ये होते."

हसल्या. मग म्हणाल्या, "कर. पण अर्धवट करू नकोस."

मंगळवार, ११ मार्च

ठरलं. टूल एडिटरच्या आत ठेवायचंच नाही. वेगळा प्रोग्राम करायचा, जो कुठल्याही एडिटरशी साध्या मजकुरात बोलेल. आज एक एडिटर गेला, उद्या दुसरा जाईल, दरवेळी घर मोडून किती वेळा मांडायचं? कोड उपसायला घेतला. पार्सर आणि एडिटर एकमेकांत इतके गुंतलेत की कुठे कात्री लावावी कळेना. गुंतवले कुणी? मीच.

गुरुवार, १३ मार्च

कात्री. दिवसभर कात्री. मान धरली.

सोमवार, १७ मार्च

चाललं! नवा एडिटर, माझा प्रोग्राम, आणि स्क्रीन रीडर झाड वाचतोय. वन्संना खुर्चीत बसवलं आणि मी मागे उभी, पेढे वाटल्यासारखा चेहरा करून.

त्यांनी टाइप करायला घेतलं आणि पाचव्या-सहाव्या अक्षराला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "अगं, ही हेडफोनमधली बाई सारखी ओरडतेय. चूक, चूक, चूक. मला शब्द तरी पुरा करू देईल का?"

खरंच की. मी प्रत्येक अक्षराला झाड नवं करते, आणि अर्धा लिहिलेला शब्द म्हणजे चूकच. त्यातून झाड पाठवते तेही सगळं, मुळापासून. बघणारा माणूस एका नजरेत हवं ते उचलतो. ऐकणाऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं.

मी म्हटलं, थोडं हळू बोलायला लावू का तिला? वन्सं म्हणाल्या, "हळू नको, कमी बोलायला लाव."

मला राग आला. इतकं केलं आणि! चहा प्यायला एकटीच गेले. वाईट वागले, पण गेले.

मंगळवार, १८ मार्च

आज मॉनिटर बंद केला आणि हेडफोन लावून बसले. म्हटलं, आधी आपण ऐकून बघू. एक कंस उघडला, एक नियम बदलला. बाई सुरू झाली — मूळ, त्याखाली ओळ, त्याखाली टाके, त्याखाली रंग... मी विसरूनच गेले मी काय बदललं होतं. पहिल्या तासातच कान किटले. हात सारखा मॉनिटरच्या बटणाकडे जायचा, तो धरून ठेवायचा.

मग कळलं. वन्संची जुनी पद्धत आहे: मशीनच्या सूचनांचा चांगला नमुना घ्यायचा आणि मुद्दाम मोडायचा. एक कंस काढायचा, आणि पार्सर कुठे ठेचकाळतो, कुठे पुन्हा सावरतो ते ऐकायचं. त्यांना झाड नकोच असतं. काय हललं तेवढं हवं असतं. आणि माझा पार्सर दरवेळी सगळं कुठे वाचतो? बदललेल्या फांद्या तेवढ्याच नव्या करतो. म्हणजे काय बदललं ते त्याला आधीच माहीत असतं, आणि मीच ते फेकून देऊन पुन्हा सगळं झाड छापत बसले होते. कपाळावर हात मारला, अगदी आवाज होईल असा.

शुक्रवार, २१ मार्च

हात थांबला की बोलायचं, आणि बदललं तेवढंच. "ओळ मोडली. पुढच्या अर्धविरामाला सावरली." बास.

वन्सं ऐकत राहिल्या. वेग वाढवला, आणखी वाढवला, मला तर नुसतं चिरचिर ऐकू येत होतं. मध्येच म्हणाल्या, "एआयनं लिहिलेला हा नियम चुकलाय. रिकामी ओळ आली की फसतो." मी डोळ्यांनी तोच नियम वाचला होता. बरोबर म्हणून पुढे गेले होते.

घरी येताना माझ्या दंडाला धरून चालत होत्या, नेहमीसारख्या. म्हणाल्या, "छान केलंस गं." त्या सहसा असं म्हणत नाहीत. मला रस्ता ओलांडताना रडू आलं, काय वेड आहे.

सोमवार, २४ मार्च

मॅनेजरला लेखी दिलं. वन्संना वाचून दाखवायला कुणी लागत नाही. टूल चालवायला कुणी लागत नाही. टूल बिघडलं तर दुरुस्त करायलाही नाही — गेले दोन दिवस सगळा कोड त्यांना समजावला, त्यातल्या दोन गोष्टी त्यांनीच सुधारल्या. शंकेला जागाच ठेवायची नाही!

गुरुवार, २७ मार्च

मी बाहेर, पॅसेजमध्ये, पाण्याच्या मशीनपाशी. आत वन्सं, मॅनेजर आणि वरचे दोघं. मॅनेजरनं घरून नमुना मोडून आणला होता, तीन ठिकाणी, मोठ्या हौसेनं.

किती पाणी प्यायले देव जाणे. दार उघडलं तेव्हा वरच्यांपैकी एक विचारत होता, "हे आम्हालाही लावून मिळेल का? बघण्यापेक्षा ऐकणं बरं दिसतंय." वन्संनी तीन नाही, चार चुका काढल्या. चौथी मॅनेजरकडून नकळत झाली होती.

जिंकलो! नवऱ्याला फोन केला, तो नुसता "हां, हां" म्हणत राहिला आणि मग नाक शिंकरलं.

शुक्रवार, २८ मार्च

जुना एडिटर शेवटचा उघडला. बंद केला. काही वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल.

सोमवार, ३१ मार्च

मॅनेजरनं बोलावलं. वरून निरोप आलाय, व्याकरणाच्या कामाला यापुढे एकच माणूस. वन्सं राहतील, मी नाही. माझाच कागद समोर ठेवला त्यानं, खाली बघत म्हणाला, "तूच लिहिलंयस, त्यांना कुणी लागत नाही."

हो, लिहिलंय. पुन्हा विचारलं तरी तेच लिहीन.

वन्संना घरी जाताना सांगायचंय. आवाज सरळ ठेवायला हवा. बाकी कुणालाही फसवता येईल, त्यांना नाही.