मंगलाचरणाखालचा मजकूर

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.१५

आजपासून रोजनिशी. वाचनालयाच्या हस्तलिखित विभागात, दोन नंबरच्या संगणकावर. वाचक मी एकटाच. त्यामुळे स्पष्ट लिहिण्यास हरकत नाही. लेखनाच्या आरंभी मंगलाचरण असावे, हा आमच्या घराचा शिरस्ता. स्वतःच रचले आणि फाइलीच्या अगदी वर, तारखेच्याही आधी, लिहिले:

वाणी माझी निर्मळ राहो । मनी असे ते मुखी येवो ।
अंतरीचे उघडे होवो । तुझ्या दारी ॥

बरे साधले आहे.

चाळीस वर्षे धर्मग्रंथ शिकवले. निवृत्तीनंतर येथे मानद सल्लागार. गेल्या दोन वर्षांत सल्ला कोणी मागितला नव्हता. आज मागितला. ग्रंथपाल म्हणाले, की वाचक चहाला उठतात आणि त्यांचे काम पडद्यावर उघडे राहते. तेव्हा काही वेळ हात लागला नाही की चित्र यावे आणि पासवर्डशिवाय उघडू नये, असा स्क्रीनसेव्हर बसवा. सांगत होते ते संगणक सांभाळणाऱ्या बाईंना. पण मी जवळच बसलो होतो. मी होकार दिला.

बाई सहा महिन्यांच्या ट्रायलवर आहेत. एकवीस तारखेला समिती बसेल आणि त्यांना कायम करायचे की नाही ते ठरेल. म्हटले, बिचारीचे ओझे हलके करावे.

ता. क. ग्रंथपाल बोलताना चष्मा पुसतात. उत्तर ठाऊक नसले की अधिक पुसतात. आज काच झिजेल असे वाटले.

मंगळवार, ४ मार्च

मॅन्युअल वाचले. सूत्रमय शैली. भाष्याशिवाय सामान्य माणसास कळणार नाही. भाष्य मी लिहीन.

विभागात सहा संगणक. सगळे युनिक्स कुळातले, पण चित्र पडद्यापर्यंत नेण्याचे दोन संप्रदाय. एक आणि दोन नंबर जुने. त्यांचा संप्रदाय एक्स. तीन ते सहा नवे; त्यांचा वेलँड. बाई म्हणाल्या, गुरुजी, हा स्क्रीनसेव्हर एक्ससाठी लिहिलाय, वेलँडवर त्याचं कुलूप लागत नाही. नव्या मशीनना स्वतःचं लॉक आहे, ते चांगलं चालतंय, त्याला हात लावू नका.

मी हसलो. भिन्न संप्रदायांचा समन्वय करण्यात माझी हयात गेली आहे.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी १२.३०

जुने दोन्ही संगणक सिद्ध. दहा मिनिटे कोणी स्पर्श केला नाही, की पडद्याच्या तळातून अक्षरे उगवतात आणि वर वर जात दूर विलीन होतात. कोणत्या फाइलीतला मजकूर दाखवू, असे यंत्र विचारते. दोन्ही यंत्रांना सामाईक असलेली हीच फाइल दिली. मंगलाचरण हिच्यातच आहे. ते वेगळ्या फाइलीत काढावे असे क्षणभर मनात आले. पण मंगलाचरण ग्रंथापासून तोडणे मला पटेना. ते कधी केलेले नाही.

प्रथम अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. बाईंनी फॉन्ट बदलला. मीही तेच सुचवणार होतो.

दोन नंबरवर चाचणी घेतली. ओवी उगवली. हात आपोआप जोडले गेले. जोडताना कोपर माउसला लागले आणि सगळे नाहीसे झाले. असो. चार ओळी पाहिल्या, पुरे. चाचणी यशस्वी.

शुक्रवार, ७ मार्च

नवे चार. मॅन्युअल म्हणते, की एका यंत्रावर दोन स्क्रीनसेव्हर एकमेकांशी भांडतात, म्हणून दुसरा बंद करावा. बाई जेवायला गेल्या होत्या. चारही यंत्रांचे स्वतःचे लॉक काढून टाकले. माझा स्क्रीनसेव्हर प्रतिष्ठित केला.

अर्धा तास लागला. पाठ अवघडली. घरी सांगितले, की वाचनालयाची सर्व संगणकीय सुरक्षा आता माझ्याकडे आहे. ही म्हणाली, बरं, हात धुऊन घ्या.

सोमवार, १० मार्च. दुपारी ३.३०

नव्या यंत्रांवर किरकोळ अडचण. माणूस टाइप करीत असतानाच ओवी उगवते. बाई म्हणाल्या, वेलँड स्क्रीनसेव्हरला दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाबलेल्या कळा ऐकूच देत नाही, त्याला वाटतं खोलीत कोणी नाही. चार नंबरवर एक संशोधक मुलगी पोथीचे वाचन उतरवून घेते. (तिच्या वहीत अर्थापेक्षा रंगीत पेनेच अधिक.) ती दुपारपर्यंत पाच वेळा “अगं बाई!” म्हणाली. पाचव्यांदा माझ्याकडे बघून.

नव्या चारही यंत्रांवरील स्क्रीनसेव्हर तूर्त बंद केला. त्यांचे मूळचे लॉक पुन्हा लावायचे आहे. उद्या.

शिपाई दोन ते तीन तोंडावर वर्तमानपत्र ठेवून घोरतो. विभागाला शोभत नाही.

मंगळवार, ११ मार्च

ओवीचा प्रभाव अपेक्षेपेक्षा मोठा. सकाळी आलो तेव्हा दाराजवळच्या एक नंबरपुढे शिपाई आणि दोन वाचक उभे. निःशब्द. एकाने डोळे पुसले. मला पाहताच तिघे पांगले. भावविवश माणसाला संकोच होतोच.

एक नंबर माझ्या पाठीमागे, खांबाआड येतो. मी चार वाजता प्रार्थनेसाठी निघतो. वाचनालय सहापर्यंत उघडे. तेव्हा हे दृश्य मला फारसे पाहायला मिळत नाही. शिपाई म्हणाला, गुरुजी, फार छान लिहिता हो. मी म्हटले, चारच तर ओळी. तो म्हणाला, छे छे, भरपूर आहे. चार ओळींत भरपूर पाहणारा रसिक मी विद्वानांतही क्वचित पाहिला.

मग म्हणाला, आणि मी दुपारी झोपत नाही हं, डोळे मिटून विचार करतो. मी काहीच विचारले नव्हते.

लॉक लावायचे राहिले.

बुधवार, १२ मार्च. दुपारी ३.५०

वाईट झाले.

संशोधक मुलगी चहाला गेली. चार नंबर उघडाच. एक गृहस्थ आले, कोणीतरी काम अर्धवट टाकून गेलेले दिसते म्हणून त्यांनी सगळे बंद केले. यंत्राने विचारले, जतन करू का? ते म्हणाले, नको. तीन दिवसांचे वाचन गेले. पोथी तशी जीर्ण; एकेक पान उलटायला तिला अर्धा तास लागे.

मुलगी ओरडली नाही. नुसती खुर्चीत बसून राहिली. ओरडली असती तर बरे झाले असते.

ग्रंथपाल आले. चष्मा पुसला. लॉक कोण पाहतं, असे विचारले. मी म्हटले, संगणकांची सगळी व्यवस्था बाईंकडे असते.

बाई तिथेच होत्या, हातात वायरीचे भेंडोळे. माझ्याकडे पाहिले. ग्रंथपालांनी ट्रायलच्या वहीत काहीतरी लिहिले.

४.००. प्रार्थनेची वेळ. आज वेळेवर निघणे विशेष आवश्यक.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी ९.०५

कोणी येण्याआधी आलो. विचार केला. मी उच्चारलेले वाक्य शब्दशः सत्य आहे. व्यवस्था बाईंकडे ‘असते’. त्या दिवशी होती, असे मी म्हटलेले नाही. ग्रंथपालांनी पुढे विचारले असते तर मी पुढे सांगितले असते. त्यांनी विचारले नाही.

हे वर लिहिलेले पुन्हा वाचले. विद्यार्थ्याने असे उत्तर दिले असते तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते.

चारही यंत्रांचे लॉक पुन्हा लावले. कोणाला न सांगता. आठ मिनिटे लागली. फक्त आठ.

संकल्प: उद्या ग्रंथपालांना सांगायचे.

शुक्रवार, १४ मार्च

ग्रंथपाल कामात होते. म्हणजे चहा पीत होते. पण चहा पिताना माणसाला धक्का देऊ नये. त्यांनीच मला थांबवून विचारले, काही हवंय का, गुरुजी? मी हवेविषयी बोललो. नवल म्हणजे बोलण्यात त्यांनी एकदाही चष्म्याला हात लावला नाही. हात खिशात घट्ट. नवा नंबर लागला असावा.

संशोधक मुलगी आज केवळ काळ्या पेनाने लिहीत होती. दुःखाने माणूस रंग विसरतो. मान खाली घालून तिच्यामागून गेलो.

सोमवारी नक्की.

मंगळवार, १८ मार्च

काल वाचायचा चष्मा घरी राहिला, त्यामुळे लेखन नाही. बोलणेही नाही, चष्म्याशिवाय समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि अशा गोष्टी चेहरा पाहून सांगाव्यात. हिने साडेचारला चष्मा इथे आणून दिला म्हणे; तोवर मी निघालो होतो. दाराजवळ शिपायाच्या स्टुलावर तासभर टेकली होती. पाय दुखले असतील.

रात्री ताट उचलताना म्हणाली, अहो, सोमवार तर गेला. मी विचारले, कोणता सोमवार? म्हणाली, तुमचा.

शेहेचाळीस वर्षांच्या सहवासाने माणसे एकमेकांचे मन वाचू लागतात, ते असे. मी पाणी प्यायलो. ती उभीच होती. आणखी पाणी प्यायलो.

बुधवार, १९ मार्च

बाई आपण होऊन आल्या. म्हणाल्या, गुरुजी, परवा समिती आहे, तुम्हाला मला काही सांगायचंय का? मी त्यांना धीर या गुणाविषयी सांगितले. सात-आठ मिनिटे बोललो असेन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, ठीक आहे, मी वायरी आवरते.

कानांच्या पाळ्या अजून तापलेल्या आहेत. पंचवीस वर्षांची मुलगी माझी वाट पाहत उभी होती आणि मी तिला प्रवचन दिले.

आता एकाला सांगण्यात अर्थ नाही. समितीपुढेच सांगेन, सर्वांदेखत. भाषणाचे तीन भाग केले: सत्याचे स्वरूप, प्रमादाची मीमांसा, निवेदन. पहिला भाग थोडा लांबतो आहे.

शुक्रवार, २१ मार्च. दुपारी १.२०

समिती विभागातच भरली, लांब टेबलाभोवती. पाच सदस्य, ग्रंथपाल, बाई. मी उभा राहिलो. सत्याच्या स्वरूपाचा निम्मा भाग झाला असेल. ग्रंथपाल हळूच म्हणाले, गुरुजी, बसा. बाईंचं कायम करायचं गेल्या शुक्रवारीच ठरलं. आज फक्त सह्या.

मी म्हटले, पण लॉक... म्हणाले, हो, ते वाचलं आम्ही.

कुठे वाचले, असे मी विचारले.

सगळ्यांनी दाराकडे पाहिले. एक नंबरला बराच वेळ कोणी हात लावला नव्हता. खांबापलीकडे गेलो. तळातून अक्षरे उगवत होती, संथ, सुवाच्य. ‘चारही यंत्रांचे लॉक पुन्हा लावले. कोणाला न सांगता. आठ मिनिटे लागली. फक्त आठ.’ आणि त्यामागून शुक्रवारचा चहा वर येत होता.

ओवी संपल्यावर फाइल संपत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी माझ्या जागेवर असलो की ते मला दिसत नाही. मी गेलो की सगळ्यांना दिसते. दोन आठवडे.

माउसला धक्का दिला. यंत्राने पासवर्ड मागितला. घाईत तीनदा चुकला. माझे कुलूप तेवढे पक्के लागले होते.

मागून ग्रंथपाल म्हणाले, गुरुजी, आता पुसू ना चष्मा? आठवडाभर काही दिसत नाहीये. समिती हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला.

बाईंना विचारले, तुम्हाला केव्हापासून ठाऊक? म्हणाल्या, फॉन्ट बदलला तेव्हापासून. सांगणार होते. पण त्या बुधवारनंतर वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल. मग रोज संध्याकाळी वाचायचे. वाटायचं, आज लिहिलं असेल, ‘उद्या सांगतो’ असं नाही, ‘सांगितलं’ असं.

उत्तर नसताना पुसायला माझ्यापाशीही चष्मा होता.

शनिवार, २२ मार्च. दुपारी ४.४०

प्रार्थनेला उशीर. आज प्रथमच.

सकाळी मुलीची क्षमा मागितली. म्हणाली, आजोबा, दोन पानं राहिलीयेत, तुम्ही वाचून दाखवाल का? मी उतरवते. दाखवली. जागचा न उठता तीन तास. कोणताही उपदेश केला नाही.

मग रोजनिशीच्या शेवटी क्षमापत्र लिहिले, दीड पान. बाईंना दाखवले. म्हणाल्या, गुरुजी, एवढ्या खाली कोण थांबतंय? वर लिहा.

मंगलाचरणाच्या वर काही लिहिणे मला माहीत नाही. दुपारभर ती ओवी पाहत बसलो. मनी असे ते मुखी येवो. मागितले होते मीच.

साडेतीनला ओवी खाली सरकवली. दीड पान पुसून टाकले. सर्वांत वर तीन वाक्ये: लॉक मी काढले. बाईंनी नको म्हटले होते. मी खोटे बोललो.

बाकीचे पुसावे का, असे शिपायाला विचारले. तो म्हणाला, नको हो, एवढं वाचण्यासारखं वाचनालयात दुसरं काय आहे.

एक नंबरपुढे त्याच्या स्टुलावर बसलो. हात मांडीवर. दहा मिनिटे. मागे कोणी कोणी येऊन उभे राहिले. वळून पाहिले नाही. तीन वाक्ये उगवली, वर गेली, लहान झाली. मग ओवी. मग, सोमवार, ३ मार्च. वाचक मी एकटाच. त्यामुळे स्पष्ट लिहिण्यास हरकत नाही.

मागे कोणीतरी हसले. माउस हाताशीच होता. हात लावला नाही.