मुदत संपत आलेल्या बाटल्या

४ मे

ति. दादास, धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या कोंबड्या मजेत ना? आमची थोरली ढब्बी मात्र फुगतच चालली आहे. हे तिला रोज आमच्या औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्यावर गिऱ्हाइकांसमोर उभं करतात. लाज वाटली की कमी खाईल म्हणतात. मीही खाऊच्या कपाटाला कुलूप घातलंय. खरं सांगू, ती ताट चाटूनपुसून खाते तेव्हा मला, तिच्या आईला, किळस येते. बाकी दुखणं असं कधी नाही. पाळण्यात होती तेव्हापासून नुसती शिंकली तरी हे दुकानातली मुदत संपत आलेली अँटिबायोटिकची बाटली आणून पाजायचे, म्हणजे औषधही वाया जात नसे. नवं बाळ अजून शेलाटं आहे. ढब्बीला सुट्टीत तुझ्याकडे शेड झाडायला पाठवू का?

लोभ वाढू दे, ढब्बीचं वजन नको.

धाकटी

११ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जेवणावरून उठलो. शिसारी आली तुम्हा दोघांची. आमचा पोल्ट्रीचा मालक पिल्लांच्या दाण्यात काय मिसळतो ठाऊक आहे? असलीच औषधं, आजार नसताना. तेवढ्याच दाण्यात पिल्लं जाड होतात, लवकर विकली जातात. पशुवैद्यबाई म्हणतात, त्याने आतड्यातले कामाचे जंतूही मरतात आणि अंग भलतंच भरू लागतं. माणसांच्या पोरांतही तसं होत असावं अशी शंका आहे. ढब्बीचं त्यानेच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पण कोंबडी काट्यावर चढते तेव्हा निदान तिला कुणी हसत नाही. करून सवरून नामानिराळे, आणि वर पोरीचीच किळस! कुलूप काढ. तिला डॉक्टरांना दाखव. झाडायला नको, मामाकडे राहायला पाठव.

लोभ आहे, आज राग जास्त आहे.

दादा

२० मे

ति. दादास सा. न.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं, ढब्बीही ऐकत होती. कोंबड्या राखणाऱ्याने औषधं शिकवू नयेत, असं हे म्हणाले. कुलूप मी काढलं, पण ढब्बी कपाटाकडे फिरकत नाही.

काल बाळ शिंकलं. हे सवयीने बाटली घेऊन आले. मी हातातलं पीठ टाकून उठेपर्यंत ढब्बी पाळण्यापाशी पोचली होती. तिने बाळाचं तोंड तळहाताने झाकलं आणि बापाला सांगितलं की याला काट्यावर उभं करायचं नाही.

बाटली मी मोरीत ओतली. तिला आणि बाळाला घेऊन तुझ्याकडे निघते आहे. लोभ ढब्बीवर ठेव. माझ्यावर, जमलं तर.

धाकटी