चांगल्या डोळ्यावरची पट्टी

४ फेब्रुवारी, मंगळवार
अख्खी सकाळ मिशनच्या दवाखान्यात वाया. माझी नात नाकितेंदे सहा वर्षांची आहे, तिचा डावा डोळा नाकाकडे वळतो. वाढेल तशी खोड जाईल असं मी म्हणत होते. पण तिच्या आईला, म्हणजे कम्पालात बसून फोनवर आईपण करणाऱ्या माझ्या लेकीला, धीर नाही.

डोळे तपासणारी नर्स आकेलो. माझ्या शाळेतल्या सातवीच्या मुलींपेक्षा फार मोठी नसावी. मला ‘जाजा’ म्हणाली. मी नाकितेंदेची आजी आहे, हिची नाही. म्हणे, डोळा धड आहे, पण मेंदूने त्याचं ऐकणं सोडलंय. चांगला डोळा रोज सहा तास पट्टी लावून झाकायचा, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागेल. आत्ताच केलं तर जमेल, आठव्या वर्षानंतर फार कठीण. तीन महिन्यांनी दाखवा.

चांगला डोळा झाकायचा! लंगड्याचा धड पाय बांधून ठेवावा तसं.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रार्थनेनंतर चर्चच्या महिला मंडळाच्या बायका घरी. अध्यक्षपदाला मी उभी आहे. नाकितेंदे पट्टी लावून आली आणि रीतीप्रमाणे गुडघे टेकून एकेकीला नमस्कार करत गेली. मिसेस कायोंगोला वगळून तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे टेकली. खुर्चीला विचारलं, “बऱ्या आहात ना, आजी?”

मिसेस कायोंगो म्हणाली, “विचार, विचार. ती खुर्ची तुझ्या जाजापेक्षा गोड बोलेल.” बायका पोट धरून हसल्या.

त्या गेल्यावर शांतपणे विचार केला. उलगडा झाला. समोर बसलेल्या मुलीचा डावा तो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. नर्स गोंधळली! असल्या चुका मी अडतीस वर्षं लाल शाईने दुरुस्त केल्यात. पट्टी उजव्या डोळ्यावरून डाव्यावर हलवली.

१२ फेब्रुवारी
तीन दिवसांत फरक! धड्याचं पान न अडखळता वाचलं. कपात चहा ओतला, बशीत थेंब नाही. शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या आयरिश सिस्टर म्हणायच्या तेच खरं, शिस्त असली की औषध अर्धं लागतं.

कार्टी म्हणते, “जाजा, नर्सबाईंनी दुसऱ्या डोळ्याला सांगितलंय.” मोठ्यांच्या चुका काढायच्या नसतात, हे समजावलं. दोनदा.

२ मार्च, रविवार
अकरा बायकांना अकरा नमस्कार, सगळे जागच्या जागी. मिसेस कायोंगोने विचारलं, “हिचा वाईट डोळा कुठला गं?” मी म्हटलं, आता कुठलाच नाही. मी निवडून आले. सात विरुद्ध चार. चार कोण ते मला ठाऊक आहे.

१९ मार्च
स्वयंपाकघरामागच्या केळीत सापडली. पट्टी उजव्या डोळ्यावर! हात पुढे करून एकेक झाड चाचपत चालली होती, गुडघा फुटलेला. विचारलं, हे काय? तर म्हणे, “डाव्याला शिकवतेय. तो हळूहळू शिकतोय, जाजा. मोठी पानं दिसतात आता.”

चोरून! माझ्या घरात! ‘मी सांगितलेलं ऐकेन’ पन्नास वेळा लिहून घेतलं. यापुढे पट्टी मीच लावणार, कडेने वरून आणखी चिकटपट्टी.

तिने ती काढली नाही पुन्हा. विचारलंही नाही. याला म्हणतात संस्कार.

५ एप्रिल
दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरांना पत्र लिहायचा निश्चय. विषय: नर्स आकेलोला डावं-उजवं कळत नाही. तीन पानं झाली. पोस्टात टाकण्यापेक्षा हातात देईन, चेहरा बघता येईल.

६ मे, मंगळवार. दुपारी १
पत्र पर्समध्ये होतं.

तक्त्यावर उजव्या डोळ्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी नर्सकडे बघून हसले. मग डावा. सगळ्यात वरचं मोठं अक्षरही येईना. फेब्रुवारीत तीन ओळी आल्या होत्या म्हणे, कार्डावर लिहिलंय.

आकेलोने कार्ड खाली ठेवलं. “पट्टी कुठल्या डोळ्याला लावत होता?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नाकितेंदे म्हणाली, “मीच लावायचे. मी चुकून डाव्याला लावली.”

आकेलो खाली वाकली. “अगं बाळा, जाजाला विचारायचं ना. जाजा शिकलेली आहे.” मग मला म्हणाली, आज पहिल्यापासून सुरू करा. तीन महिने गेले, शिवाय कमकुवत डोळा आणखी मागे पडला. कितपत सुधारेल, आता शब्द देता येत नाही. काही विचारायचंय का?

नाही म्हटलं.

दुपारी ४
लेकीचा फोन. दवाखान्यातून तिला कळलं होतं. आधी मुलीला मागितलं. दहा मिनिटं रागावली, मला शेजारी बसून ऐकू येत होतं. “एवढंही कळत नाही? जन्मभर एका डोळ्यावर काढणार आहेस का?” पोर “हो आई” आणि “नाही आई” एवढंच म्हणत होती.

मग फोन माझ्याकडे आला. मी म्हटलं, “जाऊ दे गं. सहा वर्षांची आहे. होते चूक. मी तिला माफ केलंय.”