प्रत्यक्ष पाहिले नाही

पुणे,
३ ऑगस्ट १९८८

तीर्थरूप नानांच्या चरणी चंद्रकलेचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

गुडघा कसा आहे? आईच्या पत्रात त्याची बातमी आधी आली आणि तुमची नंतर. ती लिहिते की रोज एरंडाचं पान गरम करून बांधते आणि तुम्ही कॉलेजात वास येतो म्हणून कोपऱ्यावर सोडून टाकता. भूगोलाच्या प्राध्यापकाला एरंडाची लाज वाटावी, म्हणजे कमाल आहे. तिनं असंही विचारलंय की आठ वर्षं झाली, बाप-लेकीला परभणीची सपाट जमीन चावती का काय. याचं उत्तर मी तुमच्यावर सोपवते.

शाळेत मुलींना ६०१२ ची हकिगत सांगितली. शिखराला नाव नाही, नकाशावर नुसता उंचीचा आकडा आहे, याचंच त्यांना नवल. एकीनं सुचवलं की बाई, मग तुमचंच नाव देऊन टाका की. आपला गाईड डोकं धरून तंबूतच राहिला, शेवटचे दीडशे फूट उरले असताना तुमचा गुडघा अडून बसला, मग तुम्हीच मला दोर सोडवून एकटी पुढे जा म्हणालात, हे सगळं त्यांनी श्वास रोखून ऐकलं. माथ्यावर जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती, आणि कॅमेरा मात्र खाली तुमच्या गळ्यात राहिला, हे सांगितल्यावर सगळा वर्ग खिदळला.

आता कामाचं. पुढच्या उन्हाळ्यात सात हजार मीटरवर मुलींची मोहीम जाणार आहे. मी अर्ज केलाय. सहा हजारांवरचं एक शिखर झालेलं हवं, आणि त्याचा नेत्याच्या सहीचा अहवाल दिल्लीच्या समितीकडे महिनाअखेर पोचायला हवा. आपल्या दोघांच्या मोहिमेचे नेते तुम्ही, तेव्हा सही तुमची. अहवाल गेला का? जन्मात पहिल्यांदा वशिला लावतेय, तोही पोस्टात टाकण्यापुरता.

आईला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका, आणि एरंड बांधत जा.

तुमची
चंद्रकला

परभणी,
११ ऑगस्ट १९८८

चि. चंद्रकला हीस नानाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. गुडघा बरा आहे. तुझी आई एरंडाचा प्रश्न आता गावी तात्यांपर्यंत नेणार आहे, तेव्हा मी हार मानली.

अहवाल २९ जुलैलाच रजिस्टर पोस्टाने गेला. नक्कल सोबत ठेवली आहे. तिसऱ्या पानावर एक मजकूर आहे, तो तू वाचण्याआधी मीच सांगावा हे बरे. मी लिहिले आहे की, कु. चंद्रकला माथ्याखाली सुमारे दीडशे फुटांवरून एकटी पुढे गेली व पन्नास मिनिटांनी परतली; ती माथ्यावर पोचल्याचे सांगते; मी ते प्रत्यक्ष पाहिले नाही.

हे शेवटचे वाक्य मी तीन दिवस लिहीत आणि खोडत होतो. तुझ्यावर माझा अविश्वास नाही. पण मी त्या खडकाशी बसलो होतो, वर धुके होते, आणि लिहिणारा बाप आहे हे समितीला आडनावावरूनच कळणार. परक्या मुलीबद्दल लिहिताना मी जे लिहिले असते तेच लिहिले. वर्गात मी मुलांना सांगतो की जिथे मोजणी झाली नाही तिथे नकाशावर रेघ तुटक काढतात. तो नकाशाचा कमीपणा नसतो, उलट त्यामुळे बाकीच्या रेघांवर विश्वास बसतो. समितीत जाणती माणसे असतील. तू सांगतेस, एवढे त्यांना पुरेसे वाटेल असा माझा अंदाज आहे.

मी चुकलो असेन तर कळव. थंडीत पायमोजे घालून झोपत जा. तुझ्यावरची ममता या एका वाक्याने मोजू नयेस, एवढेच मागणे.

तुझा
नाना

गावाहून,
१३ नोव्हेंबर १९८८

चि. रंगनाथ यास दिनकरदादाचा आशीर्वाद. इकडं समदे खुशाल हैत. तुमची खुशाली कळवत जा, का त्यालाबी कुणी डोळ्यानं बघितलेलं लागतंय?

टोमणा हाय, राग धरू नको. पोरगी दिवाळीला तुझ्याकडं न जाता सरळ हितं आली, तवाच मला शक आला. तिला दिल्लीचा कागद आलाय. नाव घेतलं न्हाई. नेत्यानंच खात्री दिलेली न्हाई आसं त्यात लिवलंय. तिनं तो मला वाचून दाखवला अन् हसली. रडली आसती तर मला बरं वाटलं आसतं.

मी चौथी शिकलेला माणूस, तेबी निजामाच्या उर्दू शाळेत. तुझ्या कालिजातलं मला कळत न्हाई. पन तू जलमलास तवा मी मामाच्या गावाला होतो, तुला आईच्या पोटातून येताना मी काय बघितलं न्हाई, तरी सेहेचाळीस वर्षं तुला भाऊ म्हणायलोय का न्हाई? पोरीला वर धाडलं तूच. परत आली तर दोर बांधून खाली आणलं तूच. मधल्या पन्नास मिनिटाला तू पंच कशाला झालास? कुणी बोलवलं होतं तुला?

तुझी वहिनी करंज्याचं ताट घेऊन मागं मागं फिरायली तरी ती खाईना. भाऊबीजेला दुपारच्याला माळवदावर जाऊन बसली, खालच्या वस्तीकडं तोंड करून. मी वर गेलो तर मला इचारती, तात्या, हितून ते किती लांब आसंल? मी म्हणलो, आगं, हाकेवर तर हाय. तवा म्हणली, म्हंजी दीडशे फुटाच्या आतच भरंल. मी जिना उतरून खाली आलो. ती काय म्हणायली ते मला लगीच कळलं. तुलाबी कळंल. त्या दिवशी तुला काय बोलायचं ते मीच शिकवलं होतं, ते मी इसरलो न्हाई.

तिला कागद धाड. बाप म्हणून धाड. वहिनीनं लोणचं दिलंय, मुंजाजीच्या हाती पोचंल. येत जा, जीव लावून ऱ्हावा.

दिनकरराव

पुणे,
२७ नोव्हेंबर १९८८

ती. नानांस नमस्कार.

तात्यांनी तुम्हाला लिहिलंय हे मला त्यांच्याच पत्रातून कळलं, नाहीतर मी लिहिणार नव्हते. तुमचा अहवाल मी आता पाठ म्हणू शकेन. त्यात एक शब्द खोटा नाही. समितीनंही तेच म्हटलं, फार प्रामाणिक अहवाल आहे म्हणून.

मला ऑगस्ट ७८ बद्दल लिहायचंय. आपण त्यावर कधीच बोललो नाही, दोरावर दोघंच असतानासुद्धा नाही. विद्यापीठाच्या नावावरून सगळीकडे पेटलं होतं, तुमचं कॉलेज बंद होतं म्हणून आपण गावी होतो. मी बारा वर्षांची. भर दुपारी ओरडा ऐकू आला आणि आपण दोघं माळवदावर गेलो. खालच्या वस्तीतल्या रायभानच्या घरावर रॉकेल टाकणारी चार माणसं आपल्याच भावकीतली होती. त्यातला एक आदल्या दिवशी आपल्या ओसरीवर जेवून गेला होता. तुम्ही माझ्या डोळ्यांवर हात ठेवलात, पण उशिरा. आणि तुमचे डोळे उघडे होते, नाना. मी तुमच्या बोटांच्या फटीतून तुमच्याकडेच बघत होते.

चार दिवसांनी फौजदार आले. चहाचा ट्रे मी आणला. तुम्ही जबाब दिलात तो मी उभी राहून ऐकला, की आरडाओरडा ऐकला, धूर दिसला, कोणी पेटवलं ते मी प्रत्यक्ष पाहिलं नाही. फौजदारांनी ते लिहून घेतलं आणि आणखी अर्धा कप मागितला.

तो जबाब खोटा होता आणि अहवाल खरा आहे, एवढा फरक मला कळतो. पण तेव्हा तुम्ही भावकीत राहिलात आणि रायभान गावातून गेला. आता तुम्ही प्रामाणिक राहिलात आणि मी घरी राहिले. दोन्ही वेळा झळ दुसऱ्यालाच लागली. त्या जबाबानंतर तुम्ही डायरी लिहायला लागलात, आणि दोन वर्षांनी मला डोंगरावर न्यायला लागलात. मला वाटायचं, आपण दोघं मिळून धीट व्हायला शिकतोय. तुम्ही बहुतेक नुसते गावापासून लांब जात होतात.

एक विचारते. मी माथ्यावर उभी असताना धुकं एकदा फाटलं होतं. फार तर दहा सेकंद. मला तुम्ही दिसलात. निळी कानटोपी, मान वर. मी दोन्ही हात हलवले. खाली आल्यावर तुम्ही त्याबद्दल काही बोलला नाहीत, मला वाटलं थकला असाल, आणि मग दोन दिवस बर्फ पडत राहिलं आणि राहूनच गेलं. आज विचारते. उत्तर समितीला देऊ नका, मला द्या.

आईला सांगा, तिनं पुढं पाठवलेलं लोणचं पोचलं.

चंद्रकला

परभणी,
१५ जानेवारी १९८९

चि. चंद्रकला हीस आशीर्वाद.

उत्तराला दीड महिना लागला. या काळात तुला अकरा पाने लिहिली आणि फाडली, कारण प्रत्येकात मी स्वतःला दोषी ठरवत होतो आणि ते वाचायला बरे वाटत होते.

आधी डायरी. १४ जूनच्या पानावर आहे तसे उतरवतो. दु. २.१०. धुके क्षणभर विरळ. वर तांबडे काहीतरी हलले. चंद्राचे जाकीट तांबडे. खडकही तांबडाच आहे. खात्री नाही.

खडक हलत नाही हे मला ते लिहिताना ठाऊक होते. अहवाल लिहिला तेव्हा ही डायरी समोर उघडी होती आणि ही ओळ मी त्यात घेतली नाही. का घेतली नाही, हे शोधतो आहे. आठ वर्षे प्रत्येक माथ्यावर मी आधी पोचत होतो आणि दोर ओढत तुझी वाट पाहत होतो. त्या दिवशी मी खडकाशी थर्मास घेऊन बसलो. मला तुझा हेवा वाटला असे शपथेवर सांगता येत नाही, आणि वाटला नाही असेही सांगता येत नाही. दुसरे कारण अधिक सोपे आहे. पाहिले म्हटले की कोणीतरी उलटून विचारतो, नक्की पाहिले का. नाही म्हटले की कोणी काही विचारत नाही, चहा मागतो.

तू नको म्हटले होतेस, तरी डिसेंबरच्या पाच तारखेला मी दिल्लीला दुसरे निवेदन पाठवले. उत्तर आले. एकाच साक्षीदाराची दोन विसंगत विधाने असल्याने दोन्ही विचारात घेता येत नाहीत. या विषयावर पुढील पत्रव्यवहार करू नये. म्हणजे पुढच्या वर्षी तू अर्ज केलास तरी माझ्या सहीचा तुला उपयोग नाही. तुझे जेवढे उरले होते तेही मी घालवले.

मागच्या रविवारी पालमला गेलो होतो. रायभान तिथे एस.टी. स्टँडाजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान चालवतात, हे मला दहा वर्षांपासून माहीत होते. त्यांनी मला लगेच ओळखले, बसायला पोते अंथरले, चहा सांगितला. मी जे बोलायला गेलो होतो ते एका दमात बोललो. ते पंक्चर काढत होते, हात थांबला नाही. म्हणाले, आमाला ठाऊक हाय की सर. आमी खालून बघायलोच होतो, वर माळवदावर तुमी अन् तुमची पोरगी. फौजदारानं गवाह इचारला तवा आमी तुमचंच नाव सांगितलं. आमची एक म्हातारी तयार होती गवाही द्यायला, तिला आमीच गप बसवलं. म्हणलं, तू कशाला दुश्मनी घेतीस, सर शिकलेले हैत, सर सांगतील.

त्यांनी दुसरा साक्षीदार दिलाच नव्हता, चंद्रकला. म्हणून त्या खटल्यातून ते चौघे सुटले. मला हे आजवर माहीत नव्हते, कारण खटल्याचे काय झाले हे मी कधी विचारलेच नव्हते.

आता जबाब दिला तर चालेल का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, चौघातले दोघं मेले, एकजण बंबईला हाय, अन् एकजण बाजारच्या दिवशी माझ्याकडंच हवा भरून नेतो. आता सांगून काय फायदा. मग त्यांनीच विचारले की पोरगी लय मोठ्या डोंगराला जाती म्हणं, पार वर गेली का. मी म्हणालो, गेली. त्यांनी मान वर केली आणि विचारले, तुमी बघितलं का. मी म्हणालो, हो, बघितलं. ते म्हणाले, मग त्या लेकराला सांगा की, मला कशाला सांगायलाव. आणि ट्यूब पाण्यात दाबून भोक शोधू लागले. माझा चहा तसाच होता. तो संपवून मी परतीची गाडी धरली.

तू मला विचारले होतेस, म्हणून लिहितो. दोन वाजून दहा मिनिटांनी मी तुला ६०१२ च्या माथ्यावर उभी असलेली पाहिली. तू दोन्ही हात हलवत होतीस. मी हात वर केला नाही.

नाना