गेटवरच्या म्हाताऱ्याला उठवू नये

चिरंजीव माधवास, आजीचे पोटभर आशीर्वाद. आधी ओळख करून देते, कारण बंगळूरच्या हवेत माणूस विसरतो असं ऐकलंय. डिलाईल रोडला एक चाळ आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी राहते, ती तुझ्या बापाची आई. दहा वर्षांचा होईस्तोवर तू तिच्याच हातचा भात खाल्लास. माझी प्रकृती बरी आहे. गुडघे आपल्या मर्जीने पुढे चालतात, मी त्यांच्या मागून जाते. तुझी प्रकृती विचारायची रीत आहे म्हणून विचारते, बाकी फोनवर विचारलं की ‘आजी, मीटिंग आहे’ एवढा एकच आजार तू सांगतोस. म्हणून हे पत्र. हे मधेच ठेवून देता येत नाही. अक्षर शेजारच्या कमलचं आहे, बोलणं माझं. (ती शाळेत इंग्रजी शिकवते. शुद्धलेखनाचा दोष तिचा, शिव्यांचा माझा.)

तर तू लिहिलेला खेळ बघितला. कमलचा नवरा जगदीश, वय त्रेचाळीस, रविवारभर कॉम्प्युटरसमोर बसून तुझ्या त्या राज्यात तलवार घेऊन फिरतो. घरातला नळ सहा महिने गळतोय, तो शत्रू मात्र त्याला दिसत नाही. मी शेजारी पाट टाकून बसले. राज्य झकास आहे. डोंगराएवढे माग, सूत कातणाऱ्या चेटकिणी, कारखान्याच्या चिमणीत राहणारा ड्रॅगन. विणकरांनी हात खाली ठेवले, राजाने घंटा बंद केल्या, आणि त्या काळाला लोक म्हणू लागले मौनाचं वर्ष. मी म्हटलं, अरे जगदीश, हे मला ओळखीचं वाटतंय. तो म्हणाला, ‘आजी, मधे बोलू नका, मरेन मी.’ मेला नाही. जेवायला वेळेवर हजर होता.

मग खेळणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय लिहिलंय ते कमलने मराठी करून वाचून दाखवलं. काय ती विद्वान माणसं! एक म्हणतो, राजकन्या मौनाच्या वर्षी जन्मली, मौनाच्याच वर्षी तिचं लग्न लागलं, आणि तिच्या पोराने ड्रॅगन मारला तोही मौनाच्या वर्षी. लेखकाला बेरीज येते का? दुसऱ्याने रंगीत तक्ता काढलाय, त्यात तुझ्या चुका सगळ्या लाल. (एवढं मन लावून याने स्वतःचं लग्न जमवलं असतं, असं मी म्हणणार होते. कमल म्हणते तो सतरा वर्षांचा आहे. मग राहू दे.) ड्रॅगन चिमणीत राहतो, त्याच्याकडे भाडेपावती कुणी मागत नाही, वर्ष जरा लांबलं की यांच्या पोटात दुखतं.

आता चूक कुणाची ते तुला ठाऊक आहे, पण तू आजीचं नाव सांगणार नाहीस, तेवढा चांगला आहेस. लहानपणी वही घेऊन माझ्यासमोर बसायचास. आजी, बाबा दहावी कधी झाले? संपात. त्यांचं लग्न? संपात. आणि मी? तू पण संपातच की रे. यात खोटं काय? ब्याऐंशीच्या जानेवारीत मिलचा संप सुरू झाला हे सगळे सांगतात. तो मागे घेतला असं सांगायला आमच्या जिन्यावर अजून कुणी चढलेलं नाही. खालच्या मीराबाईला तर मोतीबिंदूसुद्धा संपात झाला, म्हणजे गेल्या दिवाळीत. चाळीत कुणी एकमेकाला साल विचारत नाही, आणि तू आमचं बोलणं तसंच्या तसं उतरवून जगाला विकलंस. इतका आज्ञाधारक तू भात खाताना कधी नव्हतास.

पण खरी बहार पुढे आहे. एकाने तक्रार केली की लोखंडी गेटवर जो म्हातारा बसतो तो तलवार देत नाही, वाट सांगत नाही, चाळीस तास खेळलं तरी एकच वाक्य म्हणतो: ‘आज भोंगा होईल.’ म्हणे लेखक आळशी. चाळीस तास! बाळा, मी एकोणीस वर्षं ऐकलं, मला कुणी तक्रार लिहायला जागा दिली नाही. वर त्या म्हाताऱ्याला तू सरळ आजोबांचं नाव दिलंस. (गणपत. हे कमलने आपल्या अकलेने लिहिलं, माझ्या तोंडून निघालेलं नाही.) जगदीश दर दहा मिनिटांनी त्यांना नावाने हाक मारतो आणि मी तोंडाला पदर लावते.

आणि परवा फोनवर तू पुटपुटलास की तुझे साहेब पुढच्या खेपेला सालं नीट लावणार आणि म्हाताऱ्याला काढून टाकणार, कारण त्याचा गोष्टीला उपयोग नाही. तू काय म्हणालास? ‘बघू.’ तुमच्या ‘बघू’चा अर्थ मला कळतो रे. तरी तुझ्या कामात मी बोलणार नाही. अडाणी बाईला त्यातलं काय कळतं? जपून राहा, डोक्याला तेल लाव. खाली माझा अंगठा आहे.

ता. क. बोलते. राजकन्येचं लग्न हवं तर वीस वर्षं पुढे ढकल, हॉल मिळाला नाही की आमच्याकडे ढकलतातच. ड्रॅगनला हव्या त्या साली मार. पण गेटवरच्या म्हाताऱ्याला उठवू नकोस. मिलचं गेट पाडून मॉल बांधला, तेव्हा रखवालदाराने त्यांना दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा नातवाने उठवायचं? उपयोग नसलेली माणसं काढायचीच असतील तर साहेबांनी आपल्या ऑफिसातून सुरुवात करावी. (कमल म्हणते हे खोडते. हात लावू नकोस गं.)

आणखी एक. मिलचा भोंगा पुन्हा होणार नाही हे त्यांना संपाच्या पहिल्या दिवाळीलाच कळलं होतं. मलाही. पण घरी बसले असते तर माझ्या कालवणातल्या मिठाला नावं ठेवत बसले असते. गेटवर निमूट जेवायचे. डबा हातात दिला की म्हणायचे, ‘आज भोंगा होईल.’ मी म्हणायचे, ‘मग उद्याही डबा आणते.’ तू माझं बोट धरून उभा असायचास, विसरभोळ्या, आणि तुला एकच वाक्य आठवलं. दुसरं माझं होतं. तेही घाल, म्हणजे त्या विद्वानाची एकाच वाक्याची तक्रार मिटेल.

आणि खेळणारे त्यांना रानफळांचा पाव आणि चीज नेऊन देतात, ते आधी बंद कर. चीज त्यांना बाधेल. तांदळाच्या दोन भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा बुक्कीने फोडलेला, चिरलेला नको. सोमवारी वालाची उसळ. बाराच्या ठोक्याला पाठव, आणि गरम पाठव.