निळ्याचे दोन हात

ती. ताईस,
धाकट्याचा इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. बाबा गेल्यापासून शिडीवर पाय लटपटतात, एवढंच. म्हणून मुकादमाने मला दर शुक्रवारी चित्रांच्या वर्गाला धाडलंय. मनातलं कागदावर काढायचं म्हणे! वीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, आता मला ब्रश धरायला शिकवणार!

शिकवणारी बाई बोलते गोड, पण ब्रश झाडूसारखा धरते. शेजारचा कारकून काळे गोळे काढतो आणि मुळूमुळू रडतो. रंगही वाया, रडणंही वाया.

मी आपले कागदाला निळ्याचे दोन हात मारले. आपल्या घराचाच फिकट निळा. बाई मान तिरकी करून म्हणाली, "खाली हा चौकोन कोरा का ठेवलात?"

"सामानाच्या मागे कोणी रंग देत नाही," मी म्हटलं. तिने लगेच वहीत काहीतरी लिहिलं. दीडशहाणी!

तुझे गुडघे कसे आहेत?

ताई, मागे घर रंगवलं तेव्हा बाबांना उठवायला नको म्हणून त्यांच्या खाटेमागची भिंत मी तशीच सोडली होती. पुढच्या खेपेला करू म्हटलं होतं. आता खाट काढली असशील.

ती जागा दुसऱ्या कोणाकडून रंगवून घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा